शेकहँड कुणासाठी?



आजचं चिंतन गीतेच्या अध्याय ५, श्लोक १८ वर. भगवंत सांगतात, ज्ञानी माणूस विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि समाजाने दूर लोटलेला माणूस, सगळ्यांकडे समदृष्टीने बघतो. या यादीत कुत्रा आहे. आपण ते वाचतो आणि पुढे जातो. आज तिथेच जरा थांबूया.

आमच्या सावेडीत संध्याकाळी पाइपलाइन रोडला निघालं की कुणी ना कुणी आपला लाडका कुत्रा फिरवताना दिसतंच. 'बस', 'शेकहँड', 'नमस्कार कर' हेही ऐकू येतं. मग प्रश्न पडतो, त्याच्यात आणि माझ्यात एकच आत्मा असेल, तर त्याला माझ्या तालावर नाचवणं योग्य आहे का?

याचं उत्तर आपल्याच जिल्ह्याशी जोडलेल्या एका कथेत सापडतं. नेवाशाला शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. त्याआधी पैठणला माउलींनी रेड्यामुखी वेद वदवले, असं परंपरा सांगते. त्याच कथेत रेड्याच्या पाठीवर आसूड बसतो आणि वळ माउलींच्या पाठीवर उठतो. रेडा बोलला हे सगळ्यांच्या लक्षात राहतं, वळ मात्र आपण विसरतो. पण समदृष्टी म्हणजे नेमकं तेच, त्याचं दुखणं आपल्याला लागणं.

ही कसोटी घरी लावून बघा. पाहुणे आलेत, रील काढायचंय, दहाव्यांदा 'शेकहँड' चाललंय. कुत्रा जांभया देतो, ओठ चाटतो, तोंड फिरवतो. दर वेळी झोप किंवा भूक नसते हं. बरेचदा तो 'आता पुरे' म्हणत असतो. ते न दिसणं म्हणजे वळ न दिसणं. अस्वल आणि माकडांचे खेळ सरकारने १९९८ मध्ये बंद केले, ते काही करमणूक वाईट म्हणून नव्हे. त्या खेळामागे मार होता, उपासमार होती.

मग शिकवूच नये का? तसंही नाही. समदृष्टी म्हणजे सगळ्यांना सारखंच वागवणं नव्हे; ज्याचा जो स्वभाव, तो ओळखून वागणं. 'थांब' कळणारा कुत्रा मनमाड रोडच्या ट्रकखाली जात नाही. वास घेत लपवलेला खाऊ शोधणं हा त्याचा स्वधर्मच. त्यात त्याची बुद्धी खुलते आणि तुमच्याशी बोलायला त्याला एक भाषा मिळते. दोन पायांवर उभं राहण्यात मात्र बहुतेक वेळा आपलीच हौस असते.

आणि यात साधकाचाही फायदा आहे बरं का! सहाव्या अध्यायात चंचल मनासाठी भगवंत दोन उपाय देतात, अभ्यास आणि वैराग्य. रोज पाच मिनिटं, न चिडता, जमलं की लगेच खाऊ आणि शाबासकी, हा झाला अभ्यास. आज नाही केलं त्याने, तर 'असू दे रे बाळा' म्हणून सोडून देणं, हे वैराग्य. रागावलेल्या माणसाकडून कुत्रा फक्त भीती शिकतो. आपलं मनही तसंच आहे, मारून बसवलं की संधी मिळताच पळतं.

आजचा संकल्प: घरातल्या मुक्या जिवाला काही शिकवण्याआधी पाच मिनिटं नुसतं त्याच्याकडे बघायचं. त्याला काय हवंय ते आधी आपण शिकायचं. आणि शिकवताना त्याने मान फिरवली, तर खेळ तिथेच थांबवायचा.

जय हरी!