ज्याला वाहन नाही तो देव



गणपतीला उंदीर, महादेवाला नंदी, विष्णूला गरुड. आपल्या दत्तमहाराजांना? मागे गाय, पायाशी चार श्वान, वाहन नाहीच. आपण पूजतो त्या पादुका! वाडीला मनोहर, औदुंबरला विमल, गाणगापूरला निर्गुण. टेंबेस्वामी हिंदुस्थानभर फिरले, तेही पायीच.

आता जयंतीला वाडीच्या वाहनतळावर बघा. मागच्या काचेवर 'श्री गुरुदेव दत्त' आणि नजर शेजारच्या गाडीवर: आपल्यापेक्षा मोठी तर नाही ना?

मी म्हणतो, गाडी जरूर घ्या. म्हाताऱ्या आईवडिलांना दर्शन घडते, अपरात्री आजाऱ्याला दवाखाना गाठता येतो. ते वाहन. पण मिरवण्यापायी हप्ते डोक्यावर घेतले आणि झोप उडाली, तर मग आपणच गाडीला वाहतो की!

अवधूतांच्या चोवीस गुरूंत कुरर पक्षी आहे. चोचीत मांस होते तोवर बाकीचे पक्षी त्याला टोचत राहिले. मांस टाकले, सुटला. आपण गाडी टाकायची नाही, मिरवणे टाकायचे.

वाडीच्या वाटेवर एखादी म्हातारी चालताना दिसली, तर थांबा, दार उघडा. म्हणा, "या आजी, बसा." त्या दिवशी गाडीचे खरे पूजन झाले.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!