रडायची चोरी

आमच्या नावडे फाट्यावरून रात्रंदिवस ट्रेलर धावत असतात. तळोज्याच्या कारखान्यांचा माल ते ने-आण करतात. त्यांतल्याच एकाखाली माझ्या एका विद्यार्थ्याचा उजवा पाय गेला. तेव्हा तो नववीत होता. पुढे त्याला जयपूर पाय बसला, वर्षभराने तो शाळेत परत आला, आणि २६ जानेवारीला मी त्याला झेंड्याजवळ उभे करून दहा मिनिटे भाषण ठोकले. जिद्द, धैर्य, आदर्श, जेवढे म्हणून मोठे शब्द माझ्यापाशी होते तेवढे सारे मी त्या पोराच्या खांद्यावर लादले. टाळ्या पडल्या. मुलगा हसला. मला फार बरे वाटले.

आठ वर्षांनी, गेल्या दिवाळीत, तो फराळाला घरी आला. करंजी हातात तशीच धरून म्हणाला, "सर, त्या दिवसापासून मला रडायची चोरी झाली."

मी मानसशास्त्र शिकलेला माणूस नव्हे. कादंबऱ्या लिहितो, म्हणून माणसाचे मन मला कळते असा एक समज मात्र मी बाळगून होतो. तो त्या करंजीबरोबर संपला. सहा-सहा महिने झोप नाही, नोकरीवर जावेसे वाटत नाही, रुळांच्या बाजूने चालताना नको ते विचार येतात, असे तो सांगत होता. मी विचारले, "आईला बोललास?" तो म्हणाला, "बोललो ना. ती म्हणते, पाय गेलाय रे तुझा, वाईट वाटणारच."

त्या माउलीने मायेनेच म्हटले. पण पाहा, दोन्ही पाय शाबूत असलेल्या मुलाने सहा महिने अंथरुणात डोळे उघडे ठेवून काढले असते, तर तिने त्याला कुठल्या तरी डॉक्टरकडे ओढत नेलेच असते. या मुलाच्या दुःखाला आधीच एक कारण चिकटलेले होते. आणि कारण सापडले की उपाय शोधायची आपल्याला गरज वाटेनाशी होते. मी त्याला शूर ठरवून गप्प केले, आईने दुर्दैवी ठरवून. त्याला काय होते आहे, हे आम्ही दोघांनीही विचारले नव्हते. अपंग माणसाने सदा हसतमुख असावे, ही अपेक्षा आपण एखाद्या घरमालकासारखी बाळगतो. जगण्यात जागा दिली, तिचे भाडे आनंदी चेहऱ्याने द्या!

मग मी त्याला तज्ज्ञाकडे घेऊन गेलो. माणूस भला होता, पण दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दुःख सांगायला बत्तीस पायऱ्या. दोनदा तो चढला, तिसऱ्यांदा खालीच थांबला. "वर जाईस्तोवर सांगायचं तेच विसरतो," म्हणाला. ते हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते.

कायदा तर फार नेटका आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रत्येकाला मनाच्या उपचाराचा हक्क दिला. तो परवडणारा असावा, पोहोचण्याजोगा असावा, अपंगत्वावरून त्यात भेद होऊ नये, असे त्यात लिहिले आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्याने ते २१ केले. २०११ च्या शिरगणतीत महाराष्ट्रातील अपंगांची संख्या २९ लाखांवर होती. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस नावाची सरकारी सोय आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवावा, दिवसरात्र फुकट बोलता येते. या मुलाला तिचा उपयोग झाला, कबूल करतो. पण आमच्या गल्लीतल्या, ऐकू न येणाऱ्या एका मुलीने तिथे काय करावे? तिच्या वतीने तिचा भाऊ बोलणार. आणि तिचे दुःख भावाविषयीच असेल तर?

या प्रश्नापाशी मी पुष्कळ दिवस अडलो. मदत ठेवलेली असणे आणि मदत हाताला लागणे यांत जे अंतर आहे, ते कुणी चालायचे? ज्याला चालता येत नाही त्याने, असे आपण न बोलता ठरवून टाकले आहे.

नाशिक जिल्ह्यात 'आत्मीयता' नावाचा एक उपक्रम झाला. त्यात गावातल्याच माणसांना ऐकून घेण्याचे शिक्षण दिले गेले. ती माणसे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या ओसरीवर जाऊन बसत, दुःख ऐकत, ते आपल्या आवाक्यापलीकडचे दिसले तर डॉक्टरची वाट दाखवीत, आणि सरकारी योजनांची माहिती देऊन अर्जालाही हातभार लावीत. मला हे शेवटचे फार आवडले. पेन्शन अडली असताना नुसता धीर देणे म्हणजे उपाशी माणसाला भूपाळी ऐकवणे होय.

कुणी म्हणेल, गावात गुपित राहते का? आक्षेप खरा आहे. नावड्यात निम्मे गाव एकमेकांचे सोयरे. सकाळी सांगितलेले दुपारी पाणवठ्यावर, म्हणजे आता मोबाईलवर. ऐकणाऱ्याचे पोट मोठे हवे, आणि ते शिकवावेच लागेल. ऐकणाऱ्यांत एखादा कुबडी घेतलेलाही असावा. त्याच्यापुढे शूर व्हायची सक्ती उरत नाही, असे मला या मुलानेच सांगितले.

आता तो दर रविवारी माझ्याकडे येतो. तज्ज्ञाशी बोलणे फोनवर चालू आहे, गोळ्याही आहेत. मी त्यांची जागा घेत नाही. माझ्या दारालाही तीन पायऱ्या आहेत, हे मला इतक्या वर्षांत दिसले नव्हते. म्हणून मी दोन खुर्च्या खाली अंगणात टाकतो. तो बोलतो, कधी बोलतही नाही. पंचवीस वर्षे खडू हातात घेऊन बडबड केलेल्या माणसाला गप्प बसणे सोपे नाही. परवा मी तोंड उघडून पुन्हा मिटले, तेव्हा तो हसून म्हणाला, "बोला सर, एक वाक्य चालेल. पण टाळ्या नकोत."

मला ते एक वाक्य सुचेना. मग आम्ही चहा मागवला.