भय, किळस आणि कर्तव्य

दयेची खरी परीक्षा कोठे होते, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. गाय, मोर, हरीण यांच्याविषयी ममत्व वाटण्यास मनाला फारसे श्रम पडत नाहीत. परंतु ज्याचे रूप आवडत नाही, ज्याच्या वासाने जीव नकोसा होतो आणि ज्याच्यापासून रोगाचे भय वाटते, अशा प्राण्याविषयी आपले काही कर्तव्य आहे काय? गुहेत राहणारे फलाहारी वटवाघूळ हा प्रश्न आपल्यापुढे उभा करते.

या जातीस प्राणिशास्त्रात रूसेटस लेशनॉल्टी असे नाव आहे. उंच वृक्षांवर उघड्यावर लोंबकळणाऱ्या मोठ्या वटवाघळांहून ती लहान असते. गुहा, भुयारे, पडक्या वास्तू आणि जुनी देवळे हा तिचा निवारा होय. जिभेने टकटक असा आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून ती काळोखात वाट शोधते. मादीस एका वेळी बहुधा एकच पिल्लू होते. म्हणून उद्ध्वस्त झालेली वस्ती पुन्हा भरण्यास फार काळ लागतो.

आपल्या मध्य प्रदेशातील रानांत चैत्राच्या सुमारास मोह फुलतो. त्याच्या फुलांचे परागकण या झाडावरून त्या झाडावर नेण्याचे काम रात्री फलाहारी वटवाघळे करतात आणि फळांच्या बियाही दूरवर टाकतात. तरीही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने उंदीर, घुशी व कावळे यांच्याबरोबर फलाहारी वटवाघळांनाही उपद्रवी प्राण्यांच्या यादीत बसविले होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच रद्द झाली व १ एप्रिल २०२३ पासून हा बदल अमलात आला. आंतरराष्ट्रीय लाल सूचीतही ही जात २०२० पासून ‘संकटासमीप’ या वर्गात गणली जाते.

यावर कोणी म्हणेल, ‘आमच्या मुलाबाळांचे आरोग्य आधी.’ हा आक्षेप क्षुल्लक नव्हे. मे २०१८ मध्ये केरळातील कोझिकोड जिल्ह्यात निपाह रोगाने बळी घेतले, तेव्हा तेथील वटवाघळांचे पहिले नमुने तपासणीसाठी आपल्या भोपाळच्याच उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत आले होते. त्यांत विषाणू आढळला नाही. परंतु पुढे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेस तो झाडांवर राहणाऱ्या मोठ्या फलाहारी वटवाघळांत सापडला. मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेत घेतलेल्या नमुन्यांत रूसेटस जातीतही निपाहच्या खुणा दिसून आल्या. भय निराधार नाही, हे मान्य केलेच पाहिजे.

मात्र भय खरे असले म्हणजे त्यावरचा कोणताही उपाय योग्य ठरतो, असे नाही. युगांडातील किटाका येथील खाणीत २००७ मध्ये कामगारांना मारबर्ग रोग झाला. त्या खाणीत रूसेटस कुळातीलच वटवाघळांची मोठी वस्ती होती. ती पुढे मारून टाकण्यात आली. काही वर्षांनी तेथे पुन्हा वटवाघळे वसली, तेव्हा त्यांच्यातील संसर्गाचे प्रमाण पूर्वीहून अधिक आढळले. आणि २०१२ मध्ये जवळच्याच इबांडा गावात माणसांत मारबर्गची साथ उद्भवली. संहाराने भय मिटले नाही.

तथापि केवळ उपयोग आहे म्हणून, किंवा मारल्याने आपलेच नुकसान होते म्हणून या जिवास अभय द्यावे, असे म्हणणे अपुरे आहे. हा हिशेब उद्या बदलू शकतो. मोहाचे परागण दुसऱ्या एखाद्या उपायाने साधले, तर काय त्या जिवाचा जगण्याचा हक्क संपेल? आत्मरक्षणाचा अधिकार आपणांस दूर राहण्याची मुभा देतो. गुहेत शिरून निजलेल्या वस्तीचा नाश करण्याची मुभा देत नाही. प्रेम आज्ञेने उत्पन्न होत नाही, परंतु संयम निश्चयाने पाळता येतो. नावडत्या जिवाविषयी धर्म आपणांकडून निदान एवढ्या संयमाची अपेक्षा करतो.

तेव्हा सहलीस गेलेल्या मुलांना गुहेत मशाली, फटाके वा धूर नेऊ देऊ नये. वटवाघळांनी उष्टावलेली फळे खाऊ नयेत, त्यांना हाताने स्पर्श करू नये. एखाद्या जुन्या देवळाच्या गाभाऱ्यात त्यांची वस्ती आढळल्यास धुरी न देता वनखात्यास कळवावे. त्यांना त्यांचा काळोख असू द्यावा व आपण आपल्या उजेडात राहावे. या अंतरात त्यांचेही रक्षण आहे आणि आपलेही.