अर्ध्या पाळीचा हक्क

गाडीवरून पडून डोक्याला मार लागतो, सीटी स्कॅन ‘नॉर्मल’ येतो आणि घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात. बहुतेक जण काही आठवड्यांत सावरतातही. प्रश्न उरतो तो मागे राहिलेल्यांचा. महिने उलटले तरी त्यांचे डोके ठणकते, उजेड सोसत नाही, गलक्यात भोवळ येते. त्यातही माणूस खचतो तो बरे वाटू लागल्यावर दुखणे पुन्हा उलटते तेव्हा.

सोलापुरात विड्या वळणाऱ्या एखाद्या बाईचा दिवस डोळ्यांसमोर आणा. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली तेंदूपाने, मान खाली, नजर बोटांवर. मजुरी हजार विड्यांवर. पंधरवडाभर पडून राहिल्यावर एके दिवशी डोके हलके वाटते आणि बुडालेली मजुरी भरून काढायला ती बसते, ती उठतच नाही. वर मे महिन्यात तापलेला पत्रा, शेजारी यंत्रमागाची खटखट. संध्याकाळी मान भरून येते. दुसऱ्या दिवशी डोळे उघडवत नाहीत. ‘होते तिथेच आले’ असे म्हणून ती पुन्हा अंथरूण धरते.

पण ती होती तिथे आलेली नसते. मार बसल्यावर सुरुवातीच्या दिवसांत मेंदूच्या पेशींमधल्या क्षारांचे संतुलन बिघडते, ऊर्जेची गरज वाढते आणि रक्तपुरवठा मात्र घटतो. पुढे रेंगाळणाऱ्या त्रासात मान, तोल सांभाळणारी यंत्रणा, मोडलेली झोप, मनावरचा ताण यांचाही वाटा असतो. कामाने लक्षणे वाढली, म्हणजे मेंदूला नवी इजा झाली असे नव्हे. सोसण्याची मर्यादा ओलांडली गेली, एवढाच त्याचा अर्थ.

पूर्वी अंधाऱ्या खोलीत संपूर्ण विश्रांती सांगत. बफेलो विद्यापीठाच्या जॉन लेडी यांनी ही समजूत तपासली. 2019 च्या त्यांच्या प्रयोगात खेळताना मार लागलेली किशोरवयीन मुले हलक्या व्यायामाने साधारण 13 दिवसांत बरी झाली. नुसते ताण देण्याचे व्यायाम करणाऱ्यांना 17 दिवस लागले. खेळातील अशा दुखापतींवर 2022 मध्ये ॲमस्टरडॅमला तज्ज्ञांची परिषद भरली. तिचा सल्ला असा: पहिले एक-दोन दिवस बेताची विश्रांती, मग हळूहळू हालचाल. दहापैकी दोन अंशांपर्यंत त्रास वाढला आणि तासाभरात ओसरला, तर घाबरू नये. त्याहून वाढला तर थांबावे आणि दुसऱ्या दिवशी थोडे खालून सुरू करावे.

खालून, शून्यापासून नव्हे. थोडा वेळ सूप, मग उठून मान मोकळी करणे. ऊन चढण्याआधी सिद्धेश्वर तलावाकाठी एक फेरी. तुलना कालच्या दिवसाशी न करता मागच्या महिन्याशी करावी. मात्र वारंवार उलट्या, वाढतच जाणारी डोकेदुखी, बरळणे, झटके किंवा हातापायातली शक्ती जाणे दिसले, तर तडक रुग्णालय गाठावे.

हे सगळे एकट्या रुग्णाच्या हाती नाही. 2019 मध्ये लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या जागी मार्नस लाबुशेन उतरला, कारण क्रिकेटने डोक्याच्या दुखापतीसाठी बदली खेळाडूचा नियम केला होता. आमच्या कामगाराला असा नियम नाही. त्याच्यापुढे पूर्ण पाळी किंवा बुडालेली मजुरी, एवढेच असते. म्हणून डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर कामाचे तासही चिठ्ठीवर लिहून द्यावेत, मालकाने ते पाळावेत आणि घरच्यांनी ‘दिसायला तर धडधाकट आहेस’ हे वाक्य कायमचे सोडावे. अर्धी पाळी ही कामचुकारी नाही, ती उपचाराचाच भाग आहे. ती मिळाली, तर दुखणे उलटण्याचे प्रसंग कमी होतील, आणि उलटलेच तरी माणूस खचणार नाही.