झडती कुठवर?

ऑक्टोबर 2023 मध्ये कर्नाटकात कलबुर्गी आणि यादगीरच्या केंद्रांवर नोकरभरतीच्या परीक्षेत ब्लूटूथ लावून कॉपी झाली. मग नेहमीचंच: कॉपी करणारे थोडे, झडती सगळ्यांची. नोव्हेंबरात कलबुर्गीतच लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला आलेल्या बायकांना दारात मंगळसूत्रं, जोडवी काढायला लावली. बोंबाबोंब झाली. त्याच महिन्यात परीक्षा प्राधिकरणाने आदेश काढला की डोकं, तोंड, कान झाकणारं काही चालणार नाही. मंगळसूत्र-जोडवी मात्र चालतील. हिजाबचं नाव कुठे नव्हतं. गरजही नव्हती.

एप्रिल 2025 मध्ये पाळी जानव्याची. बीदरला सीईटीच्या केंद्रावर एका मुलाला जानवं काढ म्हणाले. त्याने ऐकलं नाही, गणिताचा पेपर बुडाला. या खेपेला कारवाई अडवणाऱ्यांवर झाली. मंगळसूत्रासाठी ओरडलेले किती जण हिजाबच्या वेळी बोलले, हे बीदरकडच्या भालकी-औरादच्या कुठल्याही कट्ट्यावर विचारून पाहावं.

तोंड झाकून आलेल्या उमेदवाराचा चेहरा हॉलतिकिटावरच्या फोटोशी ताडून बघायलाच हवा, कानात यंत्र आहे का तेही. याबाबत मी सरकारच्या बाजूचा आहे. पण त्याला एक आडोसा, एक महिला पोलीस आणि थोडा वेळ पुरतो. उच्चशिक्षण मंत्री एम. सी. सुधाकर शेवटी तेच म्हणाले: लवकर या, तपासू द्या, मग हिजाब घालून पेपर लिहा. एकदा तपासणी झाली की त्या कापडाशी सरकारचं काय काम?

कर्नाटक सरकारचा 5 फेब्रुवारी 2022 चा शाळा-कॉलेजांच्या गणवेशाचा आदेश मला पटत नाही तो इथेच. समता, एकात्मता, सुव्यवस्था बिघडवणारे कपडे नकोत, असं त्यात होतं. कानातलं यंत्र सापडतं तरी. बिघडलेली एकात्मता ओढणीत कशी शोधणार? उच्च न्यायालयाने आदेश उचलून धरला, सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींची दोन मतं पडली. कलबुर्गी उत्तरच्या आमदार कनीज फातिमा हिजाबसह विधानसभेत बसत होत्या आणि 2023 मध्ये पुन्हा निवडून आल्या. कायदे करायला जे चालतं ते अकरावीच्या बाकावर चालत नव्हतं.

हिजाब-बुरख्यामागे घरची सक्तीही असते, ती नाकारण्यात अर्थ नाही. फ्रान्सच्या 2010 च्या कायद्यात रस्त्यावर चेहरा झाकणाऱ्या बाईला 150 युरोपर्यंत दंड आहे, आणि सक्ती करणाऱ्याला वर्षभराची कैद व 30,000 युरो. दुसरं कलम मला समजतं. पहिल्यात मात्र जिच्यावर जबरदस्ती झाली तीच दंड भरते. आणि ज्या घरात बुरख्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाहीत, तिथली बाई मग बाहेरच पडत नाही.