टोपीतले देणे

अमेरिकेत पहिली रेनेसाँ फेअर १९६३ साली कॅलिफोर्नियात भरली. आता अशा जत्रा अनेक राज्यांत भरतात. बहुतेक ठिकाणी सोळाव्या शतकातले इंग्लंड उभे केलेले असते आणि तिकीट काढून आत आलेल्या कुणालाही विदूषक 'मायलॉर्ड' म्हणतो. खेळ संपला की टोपी फिरते.

'तिकीट तर काढलेच आहे,' असे मनात येते. पण ते पैसे आयोजकांचे. कित्येक कलावंतांची खरी कमाई टोपीतच असते.

या पैशाला मराठीत काय म्हणावे, इथे मी भाषांतर करताना अडले. 'बक्षीस' वरून खाली येते, 'भीक' दयेतून. 'बिदागी' मात्र कलेचा मान राखते. खेळ पाहून झाल्यावर आपण उदार नसतो, देणेकरी असतो. कलावंत मागू शकतो, वसूल करू शकत नाही. म्हणूनच ते देणे आपल्या सचोटीवर येऊन पडते. खिसा खरोखर रिकामा असेल, तर शेवटपर्यंत थांबून टाळ्या वाजवाव्यात, आभार मानावेत. पण खिशात पैसे असून टोपी येताना दिसताच सटकलो, तर ती टोपी आपणच त्याला घातलेली असते.