त्यांना काही सांगू नका

रॉब रायनर यांचा ‘द बकेट लिस्ट’ हा इंग्रजी चित्रपट २००७च्या अखेरीस आला आणि मरण्याआधी करायच्या गोष्टींच्या यादीला जगभर एक नाव मिळालं. आपल्याकडेही ते नाव इतकं रुळलं की २०१८ साली माधुरी दीक्षितचा पहिला मराठी चित्रपट त्याच नावाने आला. मूळ चित्रपटात दोन म्हातारे एका खोलीत शेजारी शेजारी ॲडमिट आहेत. एक कार्टर, आयुष्यभर गाड्या दुरुस्त केलेला मेकॅनिक. दुसरा एडवर्ड कोल, त्याच इस्पितळाचा अतिश्रीमंत मालक. दोघांनाही कर्करोग. हाताशी असलेले थोडे महिने घेऊन दोघं जग बघायला निघतात. विमानातून उडी मारतात, पिरॅमिड बघतात, ताजमहाल बघतात.

या चित्रपटाविषयी बोलताना लोक त्या प्रवासाविषयी बोलतात. त्याच्यावर टीका करणारेही तेच धरून बसतात: खासगी विमान असल्यावर स्वप्नं पुरी करायला काय जातंय? टीका खोटी नाही. पण माझं लक्ष दर वेळी प्रवासाच्या आधीच्या भागाकडे जातं. डॉक्टर येतो आणि रुग्णालाच तोंडावर सांगतो, सहा महिने, फार तर वर्ष. कार्टरने तोवर एका कागदावर इच्छा लिहायला सुरुवात केलेली असते. बातमी कळल्यावर तो कागद चुरगाळून टाकतो. कोलला तो सापडतो आणि तिथून पुढची गोष्ट सुरू होते. विमान नसतं तरी गोष्ट झाली असती, लहान झाली असती एवढंच. डॉक्टरचं ते एक वाक्य नसतं, तर मात्र गोष्टच झाली नसती.

आमच्या सोनईत ते वाक्य रुग्णापर्यंत सहसा पोचत नाही. रिपोर्ट थोरल्या मुलाच्या हातात पडतो. तो डॉक्टरला बाजूला घेऊन म्हणतो, “त्यांना काही सांगू नका.” डॉक्टर मान हलवतो. घरी येईपर्यंत कर्करोगाची ‘गाठ’ झालेली असते, गाठीची ‘सूज’, आणि सुजेवर गोळ्या चालू झालेल्या असतात.

माझ्या चुलत्यांच्या बाबतीत हेच झालं. त्यांना आम्ही तात्या म्हणत असू. वैशाखात अन्ननलिकेचा कर्करोग निघाला, तोही पसरलेला. मुलांनी सांगितलं, आत जखम आहे, भरून येईल. तात्यांचे शाळेपासूनचे दोस्त अण्णा, निवृत्त प्राथमिक शिक्षक. त्यांनाही त्याच सुमारास रक्ताचा आजार निघाला होता. अण्णांनी स्वतःचा रिपोर्ट स्वतः वाचला होता, त्यामुळे त्यांच्यापासून लपवायला कुणाला वावच नव्हता. तात्यांचं काय ते मुलांनी अण्णांना सांगितलं आणि वर शपथही घातली.

या दोघांची यादी एका ओळीची होती: पायी पंढरपूर. चाळीस वर्षं ठरत होतं आणि चाळीस वर्षं राहत होतं. आषाढ येतो तो पेरणीच्या दिवसांत. शेतकऱ्याला तेव्हा घर सोडणं परवडत नाही आणि मास्तरांची शाळा नुकती उघडलेली असते. त्या वर्षी अण्णा म्हणाले, पायी नाही तर नाही, जीप करू, पण जाऊच. तात्या हसले. “जीपनं जायला काय झालंय रं आपल्याला? औंदा घशाचं बरं होऊ दे. पुढल्या साली पायी जाऊ.”

अण्णा काय बोलणार? पुढल्या सालाला ते “बरं” म्हणाले.

त्याच महिन्यात तात्यांनी दीड एकर आडसाली ऊस लावला. ज्यांना उसाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो, आडसाली म्हणजे पावसाळ्यात लावायचा आणि तोडणीला यायला सोळा-अठरा महिने घेणारा ऊस. मुळा धरणाच्या पाटपाण्यावर आणि गावातल्या साखर कारखान्यावर उभं असलेलं आमचं गाव हे गणित झोपेतही मांडतं. बेणं, खत, मजुरी, सोसायटीचं कर्ज, सगळं तात्यांनी स्वतः उभं राहून केलं. तात्या पौषात गेले. ऊस तेव्हा सहा महिन्यांचा होता.

नंतर अण्णांनी मला एक गोष्ट सांगितली. दिवाळीच्या सुमारास तात्यांनी त्यांना एकट्याला गाठून विचारलं होतं, “पोरं काही लपवीत तर नाहीत ना रं?” अण्णा “नाही” म्हणाले. “साठ वर्षांच्या दोस्तीत मी त्याच्याशी बोललेलं शेवटचं महत्त्वाचं वाक्य ते,” असं अण्णा मला म्हणाले. माघी एकादशीला ते एसटीने एकटेच पंढरपूरला जाऊन आले. पुढच्या पावसाळ्यात तेही गेले.

मुलांना मी दोष देत नाही. “बाप खचेल” ही त्यांची भीती खरी होती आणि माया तर त्याहून खरी. हा काही आपल्या मागासलेपणाचाही प्रश्न नाही. अमेरिकेत १९६१ साली डॉक्टरांची एक पाहणी झाली, तीत सुमारे ९० टक्के डॉक्टरांचा कल कर्करोग रुग्णाला न सांगण्याकडे होता. १९७९च्या पाहणीत ९७ टक्क्यांचा कल सांगण्याकडे होता. अठरा वर्षांत अमेरिकी माणसाचं काळीज दगडाचं झालं नव्हतं. आजार कुणाचा आणि म्हणून माहिती कुणाची, याचं उत्तर तिथे बदललं होतं.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही ऐकायला हवं. लुलू वांग यांचा ‘द फेअरवेल’ (२०१९) हा चित्रपट ते फार प्रामाणिकपणे मांडतो. चीनमधल्या एका आजीपासून अख्खं घर तिचा कर्करोग लपवतं आणि खोट्या निमित्ताने, घाईघाईत ठरवलेल्या लग्नाला, तिच्याभोवती जमतं. त्यांचं म्हणणं असं की माणूस एकटा नसतो, घराचा असतो. भीतीचं ओझं तिच्या वतीने आम्ही वाहतो. ही गोष्ट दिग्दर्शिकेच्या घरातली, आणि निदानानंतर सहा वर्षांनीही ती आजी हयात होती, असं चित्रपट शेवटी सांगतो.

ओझं वाटून घेण्याची ही कल्पना आपल्या ओळखीची आहे. पण तात्यांच्या घरात ओझं वाटलं गेलं का? भीती मुलांनी वाहिली, हे खरं. त्याच बरोबर तात्यांच्या वाट्याचे निर्णयही त्यांच्याकडे गेले. पंढरपूरला जीपने जायचं की नाही, अठरा महिन्यांच्या पिकासाठी कर्ज काढायचं की नाही, कुणाशी काय बोलून घ्यायचं, हे ठरवायला लागणारी एकच माहिती त्यांच्याकडे नव्हती. कदाचित सगळं कळूनही त्यांनी ऊस लावलाच असता. शेतकरी नातवासाठी आंबा लावतोच की. पण जाणून लावलेला आंबा वेगळा. तात्या तो ऊस आपणच तोडू या हिशोबाने लावत होते.

आपल्याकडचे नियमही इथे मोघम आहेत. भारतीय वैद्यक परिषदेचे २००२चे आचारनियम डॉक्टरला सांगतात की आजाराचं गांभीर्य वाढवू नये, कमीही करू नये, आणि त्याची कल्पना रुग्णाला, नातेवाइकांना किंवा जबाबदार मित्रांना असेल असं पाहावं. त्यातल्या ‘किंवा’ या शब्दावर आपली हजारो घरं चालतात.

मराठीत याचा विचार झालेला नाही असं नाही. संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (२००४) आठवा. कोकणातून आलेल्या परशाच्या डोळ्यांत कर्करोग आहे. शस्त्रक्रियेने जीव वाचेल, पण दृष्टी जाईल. डॉक्टर अडून बसतात: शस्त्रक्रियेआधी हे त्या पोराला सांगितलंच पाहिजे. आजोबांच्या तोंडून शब्द फुटत नाही. अखेर परशाला कळतं, तो आकांत करतो. मग आजोबा कुणाला न सांगता त्याला इस्पितळातून बाहेर काढतात आणि दिवसभर जग दाखवून आणतात. माझ्या मते मराठीतली खरी ‘बकेट लिस्ट’ हीच आहे. तिला विमान लागत नाही. पण तिच्यातही क्रम तोच आहे: आधी सांगणं, मग आकांत, मग तो दिवस. मधला आकांत टाळला, तर तो दिवसही टळतो.

आणि आमच्या नेवासे तालुक्याने तरी हे विसरू नये. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली असं परंपरा मानते, तो पैस नेवाशात आहे. ग्रंथ शके १२१२चा, म्हणजे १२९०चा. पुढे सहा वर्षांनी ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली. नामदेवांच्या समाधीच्या अभंगांत तो निरोप आहे. भावंडं आहेत, संत आहेत, रडू आवरत नाही, पण कुणीही कुणापासून काही लपवत नाही. सामान्य माणसाने समाधीची बरोबरी करू नये. पण जाणून घेतलेला निरोप आपल्याला परका आहे, असं तरी आपण म्हणू नये.

याचा अर्थ प्रत्येकाच्या कानात तारीख ओतावी, असा नाही. काहींना खरोखर कळून घ्यायचं नसतं आणि तोही त्यांचा हक्क आहे. पण कळून घ्यायचं नाही, हे त्या माणसाने म्हणायला हवं. त्यासाठी त्याला एकदा विचारावं लागतं: “तुमच्या आजाराचं सगळं तुम्हाला सांगू, की मुलांशी बोलू?” हा प्रश्न विचारायला एक मिनिट लागतं आणि पैसा लागत नाही. उत्तर “पोरांशी बोला” असं आलं, तर लपवणं हा त्या माणसाने दिलेला अधिकार होतो. न विचारता लपवलं, तर मायेने का होईना, आपण त्याचे उरलेले दिवस त्याच्या हातातून काढून घेतलेले असतात.

म्हाताऱ्या माणसाला शेवटची इच्छा विचारायची पद्धत आपल्याकडे आहे. ती बहुधा शुद्ध हरपत आल्यावर, तोंडात पाणी घालताना विचारली जाते. तोवर इच्छेचं करण्यासारखं काही उरलेलं नसतं. हा प्रश्न थोडा आधी विचारायचा असेल, तर तो आत्ताच का विचारतोय हेही सांगावं लागेल. अवघड आहे ते एवढंच.